परक्या भाषेतला नावाडी

त्या बंदरात कायम संध्याकाळ असायची. सूर्य पाण्याला टेकायचा आणि तिथंच थांबायचा. तुम्ही पाच मिनिटं फिरा नाहीतर पाच महिने, उजेड तोच, पिवळा आणि थोडासा झोपाळलेला. धक्क्यावरची कोळीण त्याच माशांवर त्याच हातानं पाणी शिंपडायची आणि लांबच्या देवळातली घंटा थोड्या थोड्या वेळानं एकदाच वाजायची. हे बंदर कोकणात आहे, असं गेमच्या खोक्यावर छापलेलं होतं. प्रत्यक्षात ते चेन्नईत, नुंगंबाक्कमच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर तयार झालं आणि त्यातलं निम्मंअधिक मी माझ्या घरातून उचलून दिलं होतं. अजूनही दुपारी डोळा लागला की कधीतरी मी त्या धक्क्यावर जाऊन उभी राहते. माझ्या वडिलांची नाव तिथं बांधलेली असते.

पण हे असं मधूनच सुरू केलं तर कुणाला काही कळायचं नाही.

आम्ही तंजावरचे मराठी. तीनशे वर्षांपूर्वी आमचे कुणी पूर्वज फौजेच्या मागून दक्षिणेत उतरले, आणि पुढं राज्य गेलं तरी परत गेले नाहीत. माझे वडील, त्यांना मी अप्पा म्हणत असे, चेन्नईत एग्मोरच्या एका कचेरीत कारकून होते. मी सांगते आहे तो काळ दोन हजार सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांचा. तेव्हा ते नुकतेच निवृत्त झाले होते. आई आधीच गेली होती. माम्बलममध्ये एका भाड्याच्या घराच्या खालच्या मजल्यावर आम्ही दोघंच राहायचो. रस्त्यावर तमिळ, नोकरीत इंग्रजी आणि दार लोटून घेतलं की आमची मराठी. ती पुण्यामुंबईची मराठी नव्हती. तिच्यात जुने अनुस्वार अजून नाकात बसलेले होते, तमिळचा हेल होता, आणि 'सगळे' म्हणायच्या जागी आम्ही 'अस्के' म्हणायचो. आमचे नातेवाईक हळूहळू घरातही तमिळ बोलू लागले होते. आई गेल्यावर या भाषेत अप्पांशी बोलणारी मी एकटी उरले.

त्या वर्षी आमच्या वरच्या मजल्यावर पुण्याहून एक जोडपं राहायला आलं. नवरा श्रीपेरुंबुदूरकडच्या एका कारखान्यात होता. उजाडता उजाडता कंपनीची बस त्याला कोपऱ्यावरून घेऊन जायची आणि बायको, आमच्या वरच्या काकू, दिवसभर एकट्या असायच्या. मराठी माणसं आली म्हणून अप्पांना केवढा आनंद झाला होता! पहिल्याच सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डब्यात मी केलेलं पिठलं घेऊन ते वर गेले. मीही मागून गेले. दारात उभं राहून ते म्हणाले, "अम्ही खालीं अहों. कांहीं लागलं तर हाक मारा. अपलीच माणसं म्हणून समजा."

काकूंचा चेहरा फुलला. अगदी मनापासून त्या म्हणाल्या, "अय्या, किती छान मराठी बोलता हो काका! कुठं शिकलात?"

अप्पा हसले. हसत हसतच जिना उतरले. खाली आल्यावर मात्र खुर्चीत बसून बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बापाला बाप म्हणून हाक मारलों, तर कुठं शिकलास म्हणून विचारले. तसं झालं."

त्या दिवसापासून अप्पा काकूंशी इंग्रजीत बोलू लागले. जिन्यात भेटल्या की "गुड मॉर्निंग, मॅडम." पाणी गेलं की "नो वॉटर, मॅडम." काकूंना वाटलं, काय अदबशीर गृहस्थ आहेत. अप्पा रुसले आहेत हे फक्त मला कळत होतं, आणि मला काकूंचा रागही येत होता आणि नव्हताही, कारण बाई स्वभावानं चांगली होती. ती आली की शेवग्याच्या शेंगा देऊन जायची आणि अप्पा "थँक यू, मॅडम" म्हणून त्या शेंगांकडे असं बघायचे की शेंगांनाच वाईट वाटावं.

माझं वेड होतं ते कॉम्प्युटरवरच्या गेमचं. मारामारीचे गेम मला कधी जमले नाहीत. मला आवडायचे ते सावकाश चालणारे, ज्यांना साहसी गेम म्हणतात ते. एक परकं गाव, एक हरवलेला माणूस किंवा हरवलेली वस्तू, आणि आपण माऊसनं टिचक्या मारत दारं उघडायची, खिडक्यांतून डोकवायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं. रविवारी दुपारी, समुद्रावरचा वारा सुटून पडदा हलायला लागला की मी अशा एखाद्या गावात निघून जायचे. वाळवंटातली शहरं, बर्फातली स्टेशनं, कालव्यांच्या काठची पिवळ्या दिव्यांची घरं. पासपोर्ट नव्हता, पण मी किती देशांच्या गल्ल्या पाठ केल्या होत्या! कुठली दारं उघडतात आणि कुठली नुसती रंगवलेली आहेत, हेही मला ठाऊक असायचं.

अप्पा मागं वेताच्या खुर्चीत बसून बघायचे. खेळाशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्यांना पाट्या वाचायच्या असायच्या. "थांब, थांब. त्या दुकानावर काय लिहिलंय?" म्हणायचे. मी माऊस तिथं नेऊन थांबायचे. बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसायचं. अक्षरांसारख्या दिसणाऱ्या नुसत्या रेघा. एका गेममध्ये नायक हिंदुस्थानात येतो. तिथं बाजार होता, हत्ती होता, टोपलीतला नाग होता आणि प्रत्येक माणूस इंग्रजी बोलत होता, तेही मान हलवून हलवून. एका दुकानावर चक्क देवनागरी पाटी होती. अप्पा खुर्चीतून उठून पडद्याजवळ आले, चष्मा वर केला, आणि म्हणाले, "हे उलटं लावलं अहे." खरंच, पाटी उलटी टांगली होती. आम्ही दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग अप्पा परत बसले आणि म्हणाले, "त्या वाळवंटाच्या गांवांत पण असंच असेल. अपल्याला काय कळतंय."

त्यानंतर मला त्या गावांत पूर्वीसारखं फिरता येईना. बर्फातलं स्टेशन बघताना वाटायचं, त्या देशातला कुणी म्हातारा कुठंतरी खुर्चीत बसून हसत असेल. पण फिरणं सोडवतही नव्हतं. खोटं असलं तरी गाव सुंदर होतं.

म्हणून नुंगंबाक्कमच्या त्या कंपनीत नोकरी मिळाली तेव्हा मी हवेतच होते. परदेशातल्या कंपन्यांच्या गेमसाठी चित्रं आणि आवाज तयार करून द्यायचं त्यांचं काम. माझं काम कागदपत्रांचं, पण महिन्याभरातच आमचे साहेब माझ्या टेबलाशी आले. ते तमिळ. माझ्या अर्जात मातृभाषा मराठी असं लिहिलेलं त्यांनी वाचलं होतं. नवा गेम होता मराठी मुलुखातल्या जुन्या बंदराचा. एक गोरा माणूस हरवलेल्या भावाला शोधत तिथं येतो. परदेशी कंपनीचं म्हणणं असं की या वेळी सगळं अस्सल हवं. घरं अस्सल, माणसं अस्सल, आणि गावकरी इंग्रजी न बोलता आपल्या भाषेत बोलणार, खाली इंग्रजी सबटायटल. साहेबांनी विचारलं, "तू मराठी ना? तुला तिकडचं सगळं माहीत असेल."

मी महाराष्ट्रात कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं. मी म्हणाले, "हो सर, माहीत आहे."

खोटं बोलते आहे असं मला वाटलंच नाही. मराठी घर कसं असतं ते मला माहीत नसेल तर कुणाला? मी जन्मापासून एका मराठी घरातच तर राहत होते. कुंभकोणमचा एक चित्रकार माझ्याशेजारी बसून रंगवायचा आणि मी सांगत जायचे. दाराबाहेर बसायला उंच ओटा, त्याला तमिळमध्ये तिण्णै म्हणतात. तुळस घरामागच्या अंगणात. सकाळी उंबऱ्यासमोर तांदळाच्या पिठाची रांगोळी, आधी ठिपके, मग त्यांना वेढे घालत जाणारी एकच न तुटणारी रेघ. आई ती रोज काढायची, आई गेल्यावर मी काढू लागले. चित्रकार एकदा म्हणाला, "अक्का, आमच्याकडेही असंच असतं." मी त्याला जरा ताठ्यानंच सांगितलं की ते तुमचं कोलम, ही आमची रांगोळी. तो पुढं रंगवत राहिला. गुणी मुलगा होता, आणि ते बंदर त्यानं असं रंगवलं की मला संध्याकाळी घरी जावंसं वाटेना. पडद्यावरच्या त्या गल्लीच्या टोकाला समुद्र दिसायचा आणि मला वाटायचं, हेच ते, आपले लोक निघाले ते इथून. मी बोटानं पडद्यावरची धूळ पुसायचे तेव्हा दार उघडल्यासारखं वाटायचं.

त्या बंदरात एक म्हातारा नावाडी होता. पहिल्याच दृश्यात तो खाडीच्या काठी बसलेला असतो, नायकाला नावेत घेतो आणि गावात आणून सोडतो. त्याला मोजक्याच ओळी. त्याचा आवाज कुणाचा, असं साहेबांनी विचारलं तेव्हा मी पटकन म्हणाले, "माझे वडील."

अप्पांना सांगितलं तर आधी ते रागावले. "मी काय नाटकवाला?" मग विचारलं, "मराठींत?" मग थोड्या वेळानं, "पुण्याचे लोक पण ऐकतील?" मी म्हणाले, "जगातले सगळे ऐकतील अप्पा."  दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी जिऱ्याचं कोमट पाणी प्यायला लागले.

आवाज घ्यायची खोली म्हणजे भिंतींना फोम लावलेली एक अडगळ होती. अप्पा पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे तमिळ पद्धतीचं धोतर, नेसून आले होते. मी इंग्रजीवरून लिहिलेल्या ओळी त्यांनी एकदा वाचल्या, कागद मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "नावेंत बसून असं कोण बोलतंय? हे पेपरचं मराठी अहे." आणि मग कागदाकडे न बघता, माईककडेही न बघता, कुठंतरी पाण्यापलीकडे बघावं तसं बघत ते आपल्या भाषेत बोलले.

"या बाबा, बसा. ओहोटी लागली म्हणजे नाव हलायची नाहीं. दूरून आलांत म्हणून दिसतें. या गांवांत आतां कोण अहे? अस्के गेले. मी एकटा अहें."

काचेपलीकडे बसलेल्या तमिळ तंत्रज्ञाला अक्षर कळलं नव्हतं. त्यानं कानावरचा हेडफोन काढून ठेवला. मला हुंदका आला होता, तो मी खोकल्यात घालवला. 'अस्के गेले' हे माझ्या कागदावर नव्हतंच.

काम परदेशी गेलं. तिकडच्या लोकांनी ते तपासायला पुण्यातल्या एका गृहस्थांकडे पाठवलं. महिन्याभरानं त्यांची यादी आली. उंच ओटा दाक्षिणात्य आहे. तुळस घरामागं कशी? समोर हवी. दारातली रांगोळी ही रांगोळीच नव्हे, तमिळ कोलम आहे. मी वाचत गेले आणि माझे कान तापत गेले. चित्रकार शेजारी बसला होता, त्यानं कोलमचा शब्द वाचला, माझ्याकडे बघितलं, आणि भल्या माणसानं पुढच्या ओळीवर नजर नेली. आपल्या घरात मराठी समजून मी जे जपत आले, त्यातलं किती आजूबाजूचं येऊन बसलेलं होतं, आणि ते कधी आलं याचा पत्ता ना मला ना आईला ना तिच्या आईला. माझी चूक होती. ती चूक आमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या हातून झालीही नसती.

शेवटी एक ओळ होती. 'नावाड्याची भाषा मराठी नाही. दक्षिण भारतीय माणूस मराठी बोलायचा प्रयत्न करतो आहे असे वाटते. आवाज बदलावा.'

तुळस मी समोर आणायला तयार होते. पण हे वाचून मी साहेबांच्या खोलीत गेले आणि भांडले. म्हणाले, हे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचं बंदर आहे ना, तर त्या काळच्या मराठीच्या जवळ त्या पुणेकरापेक्षा माझे वडील आहेत. आमच्याकडे ती तशीच राहिली, तिकडे ती बदलली, मग चूक कुणाची? साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "अम्मा, खेळणाऱ्याला दोन्ही सारखंच. त्याला काही कळत नाही." ते समजूत घालायला बोलले, पण मला त्याचाच जास्त त्रास झाला.

परदेशातून उत्तर आलं ते वेगळंच. गेम लिहिणाऱ्यांना अप्पांचा आवाज फार आवडला होता. तो काढायचा नाही. त्यांनी गोष्टच बदलली. नावाडी आता गावचा नव्हता. कुठल्या तरी दूर देशाहून वाहत येऊन या किनाऱ्याला लागलेला, कुणालाच न कळणारी भाषा बोलणारा एक म्हातारा. बाकी गावकरी बोलले की खाली त्यांच्या बोलण्याचं इंग्रजी उमटणार. हा बोलला की फक्त कंसात: 'परक्या भाषेत बोलतो.'

साहेब म्हणाले, "हे नाहीतर नवा आवाज. संध्याकाळपर्यंत सांग."

मी खिडकीशी उभी राहिले. खाली रस्त्यावर शहाळी विकणारा कोयत्यानं शहाळं सोलत होता. मनात म्हणाले, निदान आवाज तरी राहील. अप्पा कुठं ते वाचायला जाणार आहेत. संध्याकाळी मी कागदावर सही केली. माझ्या हातानं, माझ्या मराठी नावानं, मी माझ्या बापाला परका करून टाकलं, आणि घरी जाऊन त्यांना कॉफी करून दिली.

त्यानंतर काही महिने अप्पा रोज विचारत. "आलं का गं तुझं बंदर?" मी म्हणायचे, "येईल." मला झोपेत ते गाव दिसायचं. गल्ली रिकामी असायची, सूर्य पाण्यावर अडकलेला असायचा, आणि प्रत्येक दारावर टिचकी मारली तरी एकही उघडायचं नाही.

शेवटी गेमचं खोकं आलं. मी रविवारची वाट पाहिली. शनिवारीच, अप्पा बाजारात गेले असताना, मी गेम घरच्या कॉम्प्युटरवर चढवला आणि त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन सबटायटल बंद केली. आता पडद्यावर एक अक्षर उमटणार नव्हतं. मला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याची किळसही आली.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर बघते तर अप्पा जिना चढत होते. मी दारातच थिजले. वरून त्यांचा आवाज आला, "मॅडम, प्लीज कम डाउन. माय व्हॉइस इज इन द कॉम्प्युटर." काकू पदराला हात पुसत लगेच आल्या. अप्पांनी स्वतःची वेताची खुर्ची त्यांना दिली आणि आपण स्टुलावर बसले, ताठ, शाळेत बक्षीस घ्यायला बसतात तसे.

मी सुरू केलं. समुद्र आला, तो न मावळणारा सूर्य आला. काकू म्हणाल्या, "अगंबाई, हे तर कोकण!" अप्पा पुढं वाकून गल्लीतली घरं बघत होते. ओटा ओळखीचा होता, तो बदलायला वेळ झाला नव्हता. तुळस समोर आली होती. दारातली रांगोळी मात्र पुण्याच्या यादीनंतर नुसती पुसून टाकलेली होती, तिच्या जागी दुसरी काढली नव्हती. आमच्यात घरात कुणी गेलं तरच दारात रांगोळी पडत नाही.

अप्पांनी ते बरोबर हेरलं. माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "दारांत रांगोळी नाहीं. घरांत कोण गेलं?"

मी म्हणाले, "गेम आहे अप्पा, राहून गेली." आणि घाईनं नावाड्यावर टिचकी मारली.

नाव हलली, पाणी डचमळलं, आणि अप्पांचा आवाज आमच्या खोलीत भरला. "या बाबा, बसा." वारा पडद्यात शिरला होता. मला त्या क्षणी खरोखर वाटलं की आम्ही तिघं त्या नावेत बसलो आहोत, माम्बलमचं घर मागं मागं जात आहे, आणि आता कुणालाच कुठं पोचायचं नाही. अप्पांचे ओठ त्यांच्याच आवाजाबरोबर हलत होते.

काकू म्हणाल्या, "आवाज जरा बारीक आहे नाही? खाली अक्षरं येतात ना यात? माझ्या भाच्याच्या गेममध्ये येतात बघ. लाव की." आणि मी नको म्हणेपर्यंत, त्या माझ्या खांद्यावरून वाकल्या, माऊस हातात घेतला आणि भाच्यानं शिकवलं होतं तसं दोन टिचक्यांत लावूनही टाकलं. मग स्वतःच नावाड्यावर टिचकी मारली.

"अस्के गेले. मी एकटा अहें," अप्पांचा आवाज म्हणाला, आणि खाली पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत आलं: 'परक्या भाषेत बोलतो.'

अप्पांना पाट्या वाचायची सवय. त्यांनी वाचलं. मला त्यांच्याकडे बघायचा धीर झाला नाही. मी त्यांच्या वेष्टीच्या काठाकडे बघत होते, तो काठ त्यांनी मुठीत धरला होता. सांगायला माझ्याकडे एकच गोष्ट होती, सही माझी आहे, आणि ती सांगायला माझी जीभ उचलत नव्हती. सूर्य तसाच पाण्यावर अडकलेला होता.

काकूंनी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा तोच आवाज, पुन्हा तोच कंस. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"हे काय लिहिलंय? परकी भाषा कसली?" त्या म्हणाल्या. "मला तर सगळं कळलं. ओहोटी लागली की नाव हलत नाही म्हणतात. दुरून आलेले दिसता म्हणतात. आणि आता सगळे गेले, मी एकटाच आहे." शेवटचं बोलताना त्यांचा आवाज जरा खाली गेला. दिवसभर वर एकट्या असणारी बाई ती. "इतकं साधं तर बोलतायत काका. या लोकांना नाही कळलं होय?"

अप्पांनी मूठ सोडली. वेष्टीचा काठ चुरगळला होता, तो त्यांनी गुडघ्यावर हातानं सरळ केला. मग काकूंकडे बघितलं, बऱ्याच महिन्यांनी पहिल्यांदाच सरळ. मला वाटलं आता "थँक यू, मॅडम" येणार.

"बाई," अप्पा म्हणाले, "तुम्ही मराठी फार बरं बोलतां. कुठं शिकलां?"

काकू क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांना आठवलं. त्यांचा हात तोंडावर गेला, चेहरा कानांपर्यंत लाल झाला. "अगंबाई, काका," म्हणाल्या, आणि हसायला लागल्या. त्या हसल्या तसे अप्पाही हसले, आणि उलट्या पाटीच्या दिवसासारखे दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत राहिले. मी हसले नाही. मला रडू येत होतं, आणि मी अप्पांना सहीचं सगळं तिथंच, काकूंसमोर, सांगून टाकलं.

त्यांनी ऐकून घेतलं. काही वेळ पडद्यावरच्या त्या म्हाताऱ्याकडे बघितलं. मी ती अक्षरं बंद करायला हात पुढं केला तर त्यांनी तो धरला.

"असूं दे," म्हणाले. "त्याला कळलं नाहीं, म्हणून लिहिला. यांना कळलं." मग स्टुलावरून उठले आणि काकूंना विचारलं, "काफी घेतां?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रांगोळी काढत असताना काकू जिना उतरून आल्या, आणि ठिपके कसे मोजायचे ते शिकव म्हणाल्या.